कमठा डोंगरातला आणि मैदानातला

‘आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिही’ असं संपादक मंडळाचं फर्मान आलं, तेव्हाच मला ठाऊक होतं की नरनाळा किल्ल्यावर चार-पाच जण तरी लिहिणार. म्हणून मी तीरकमठा घेतला. अकोटच्या उत्तरेला सातपुडा उभा, वर मेळघाट. त्यामुळे तीरकमठा आपल्याला नवा नाही.

आपली तुकडी १९७२ च्या अकरावीची. त्या सालाचं नाव काढलं की दुष्काळ आणि सुकडी आठवते. पण धनुष्याच्या इतिहासातही ते साल मोठं आहे. ९ सप्टेंबर १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच सप्टेंबरात म्युनिकच्या ऑलिम्पिकमध्ये धनुर्विद्या ५२ वर्षांनी परत आली. १९७३ साली भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली आणि १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. म्हणजे दोन वर्षांच्या आत कमठा जंगलात गुन्हा ठरला आणि मैदानात खेळ. वाघासाठी कायदा हवाच होता, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्यांच्या हातातून कमठा गेला, त्यांच्यापर्यंत मैदान पोहोचलं का, हा प्रश्न मला पडतो.

वर्गात डोंगरातून आलेला एक कोरकू मित्र होता. त्याच्या आबाजींकडे मी दोन-तीनदा गेलो होतो. त्यांचा कमठा सगळा बांबूचा. दोरीसुद्धा बांबूच्या सालीची चिवट पट्टी. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर बांबूचा ताण मरतो. तीर न लावता दोरी ओढून सोडलेली त्यांना खपत नसे. कमठा तडकतो म्हणायचे. आजचे प्रशिक्षकही पहिल्या दिवशी हेच बजावतात.

त्यांचा सराव मात्र अगदी वेगळा. लहानपणी बोथट तीर घेऊन सुरुवात. पुढे बसून, उकिडवं, झाडाआडून, चढावर, उतारावर तीर सोडायचा. अंतर कधी मोजायचं नाही, पंधरा-वीस पावलांवर जाईपर्यंत सोडायचाच नाही. अर्धा सराव तर पाचोळा न वाजवता चालण्याचा. आणि एका वेळी एकच तीर. “पह्यला तीर चुकला का जनावर गेलं, दुसऱ्याले कोन ईचारते?” असं ते म्हणत.

मैदानातला सराव याच्या नेमका उलट. अंतर ठरलेलं, पाय ठरलेले, दोरी दरवेळी हनुवटीला त्याच जागी टेकली पाहिजे. नवशिक्याला आधी अगदी जवळच्या गवती गठ्ठ्यावर डोळे मिटून तीर सोडायला लावतात, म्हणजे नेम विसरून बोटं कशी सुटतात ते कळतं. मग तेच दिवसाला शेकडो वेळा. (दोरी ओढायला तर्जनी, मध्यमा, अनामिका पुरतात. अंगठा लागतच नाही. स्नेहसंमेलनात आपण एकलव्याचं नाटक केलं, तेव्हा हे माहीत असतं तर द्रोणाचार्यांची पंचाईत झाली असती.)

आपल्या वऱ्हाडात व्यायामाची परंपरा केवढी! अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्यांचा संघ १९३६ साली बर्लिनला गेला, पण तेव्हा ऑलिम्पिकमध्ये धनुर्विद्या नव्हतीच. त्याच बर्लिनमध्ये २०२३ साली नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण घेऊन विश्वविजेता झाला. २०२५ साली अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने शांघायच्या विश्वचषकात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. छाती फुगते.

डोंगरातल्या पोराला ही वाट कशी सापडते, ते राजस्थानात दिसलं. उदयपूरकडचा लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या कमठ्यावर वाढला. १९८७ साली सरकारी निवड चाचणीत तो हेरला गेला आणि पुढच्याच वर्षी सोल ऑलिम्पिकला खेळला. १९९२ साली त्याने ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली. कमठ्यावरची ती पंधरा-वीस पावलं वाया गेली नव्हती.

आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ ही स्पर्धा आजही बांबूच्या धनुष्यावर होते, ५० आणि ३० मीटरवर. तिथवर गरीब पोरगा येऊ शकतो. अडतं पुढच्या पायरीवर. ऑलिम्पिकच्या रिकर्व्ह धनुष्याचा पूर्ण संच लाखाच्या पुढे जातो, आणि तिथे हात असलेली पोरं घरी परततात. गेल्या हिवाळ्यात एका शालेय स्पर्धेत मी असा एक धारणीकडचा मुलगा पाहिला. ५० मीटरवर त्याचे तीर पिवळ्यात जात होते. पुढे काय, असं विचारलं तर म्हणाला, “सर, हा कमठा वसतिगृहाचा हाय.”

मेळाव्याच्या वर्गणीतून उरलेल्या रकमेचं काय करायचं, हा विषय समितीपुढे आहेच. शाळेला आणखी एक कमान बांधण्याऐवजी दोन रिकर्व्ह संच घ्यावेत आणि ते आदिवासी वसतिगृहातल्या मुलांसाठी ठेवावेत, अशी माझी लेखी सूचना आहे. माझे पंचवीस हजार मी खजिनदारांकडे जमा केले आहेत.