मोटारीशी बोलणारा सिम्प्यूटर

मोटारीसाठी खास संगणक घडवण्याची खटपट नवी नाही. १९८५ साली कॅलिफोर्नियातील एटॅक कंपनीने गाडीत बसवायचा नकाशा-संगणक बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ प्रक्रियक होता. चाकांवरील संवेदक आणि होकायंत्र यांच्या नोंदींवरून गाडी कुठवर आली याचा हिशेब तो मांडत असे. नकाशे मात्र कॅसेटवर साठवलेले होते आणि एकट्या लॉस एंजेलिस परिसराला एक कॅसेट पुरत नसे. टेबलावरचाच संगणक गाडीत का नेला नाही? स्टार्टर फिरताच बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब क्षणभर निम्म्यापर्यंत कोसळू शकतो. खड्ड्यांचे हादरे त्या काळच्या हार्ड डिस्कला सोसणारे नव्हते. शिवाय उष्णता. रायपूरला मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात, काचा बंद करून उभ्या असलेल्या मोटारीच्या आतली कल्पनाच करावी.

भारतात या प्रश्नाला वेगळ्याच दिशेने हात घातला गेला, आणि तोही जवळजवळ अनपेक्षितपणे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय या प्राध्यापकांनी एन्कोर कंपनीतील विनय देशपांडे आदी अभियंत्यांसह १९९९ साली सिम्प्यूटर ट्रस्ट स्थापन केला. उद्दिष्ट होते सुमारे ९,००० रुपयांत, लिहितावाचता न येणाऱ्यालाही वापरता येईल असा हातात मावणारा संगणक. एप्रिल २००१मध्ये त्याचा नमुना लोकांसमोर आला : २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रक्रियक, स्पर्शपडदा, स्मार्टकार्डाची खाच, लिनक्स प्रणाली आणि भारतीय भाषांतील मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय. त्याच वर्षाअखेरीस न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत ब्रूस स्टर्लिंग यांनी त्याची मोठी वाखाणणी केली.

सिम्प्यूटर शेतकऱ्याच्या हाती जाईल, असे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो ज्या कामांना लागला त्यांत गाड्यांचा वाटा लक्षणीय होता. मुंबईत महिंद्र अँड महिंद्रने इंजिनाच्या दोषनिदानासाठी त्याचा उपयोग केला. गोव्यात धेंपो समूहाच्या खाणींवर, खाणीच्या तोंडापासून जहाजात चढेपर्यंत लोहखनिजाच्या वाहतुकीची नोंद त्यावर ठेवली गेली. पुढे वाहतूक पोलिसांनीही नियमभंगाच्या पावत्या देण्यासाठी तो वापरला.

यांतला मुंबईचा उपयोग विशेष विचार करण्याजोगा आहे. आधुनिक इंजिनात इंधन किती व केव्हा सोडायचे हे इंजिनाचा स्वतःचा छोटा संगणक ठरवतो. एखादा संवेदक विसंगत आकडे देऊ लागला, की तो संगणक सांकेतिक क्रमांकाच्या रूपात त्याची नोंद करून ठेवतो. ती वाचायला दुसरा संगणक लागतो. कान लावून इंजिनाचा आजार ओळखणाऱ्या मिस्त्रीची विद्या येथे अपुरी पडते. बॅटरीवर चालणारे, खुल्या प्रणालीवरचे, हव्या त्या आज्ञावली लिहून घेता येणारे स्वस्त यंत्र या कामाला अगदी जुळणारे होते. जमिनीच्या सातबाऱ्यापेक्षाही अधिक, असे म्हणायला हरकत नाही.

एप्रिल २००४मध्ये पिकोपेटा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी अमिडा सिम्प्यूटर विक्रीस आणला. अपेक्षा ५०,००० नगांची होती. खपले सुमारे ४,०००. तोवर भ्रमणध्वनी स्वस्त होऊ लागले होते, आणि वर्तमानपत्रांनी ‘गरिबांचा संगणक फसला’ असा निकाल देऊन टाकला. गॅरेजमधल्या सिम्प्यूटरची आठवण त्या निकालात कुणाला झाली नाही.

प्रश्न मात्र मागे उरला, तो असा की मोटारीतला संगणक वाचण्याचा अधिकार कोणाचा? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. कंपन्या न्यायासनांपुढे गेल्या आणि वाद लांबला.

दरम्यान उत्सर्जनाच्या नियमांमुळे गाडीतल्या गाडीत दोषनिदान करणारी व्यवस्था नव्या मोटारींत सक्तीची झाली : पहिला टप्पा २०१०, दुसरा २०१३. आज रायपूरच्या गॅरेजातला मिस्त्रीही सुकाणूखालच्या सोळा पिनांच्या खाचेत बोटभर यंत्र खोचून दोषांचे क्रमांक मोबाइलवर वाचू शकतो. धूर व इंधनाशी निगडित प्रमाणित क्रमांक त्याला दिसतात. एअरबॅग, ब्रेक किंवा चोरीरोधक कुलूप यांचे क्रमांक प्रत्येक उत्पादकाने आपापल्या पद्धतीने ठरवलेले असतात. त्यांसाठी ग्राहकाला बहुधा अधिकृत सेवा केंद्राचाच रस्ता धरावा लागतो.