एका लहानशा चकतीची कथा



यंत्रविद्येच्या इतिहासात नवे यंत्र निर्माण करणाऱ्यांची नावे ठळक अक्षरांनी लिहिली जातात. यंत्र बिघडले असता नेमका दोष कोठे आहे हे ओळखणाऱ्यांची नावे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. वस्तुतः दोषाचे अचूक निदान करणे हीही एक निर्मितीच होय. आज मी आपणांस जी हकिकत सांगणार आहे, ती अशाच एका निदानाची आहे. तिची नायिका एक मोटारसायकलस्वार स्त्री आहे, आणि तिचा विषय आहे इंजिनाला होणारा पेट्रोलचा पुरवठा.

पेट्रोल हे द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. ह्या मिश्रणात पेट्रोल फार कमी झाले तर इंजिन उपाशी राहून बंद पडते, आणि फार जास्त झाले तर त्यात बुडून बंद पडते. हे प्रमाण राखण्यासाठी 1893 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्याची रचना मोठी साधी होती. एका लहान पेटीत पेट्रोल साठते व त्यावर एक पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोलची पातळी चढली की फ्लोट वर येऊन सुईच्या झडपेने वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट पुन्हा उघडते. पेटीच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, इंजिन आपल्या श्वासाबरोबर पेट्रोल ओढून घेते. पुढे कित्येक पिढ्या मोटारी, मोटारसायकली आणि विमाने ह्याच युक्तीवर चालली.

परंतु ह्या युक्तीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती म्हणजे पेट्रोल नेहमी पेटीच्या तळाशीच राहील. जमिनीवरील वाहनात हे गृहीत सहसा चुकत नाही. आकाशातील युद्धात मात्र ते चुकले.

1940 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश आणि जर्मन विमानांची झुंज चालू होती. ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांत रोल्स-रॉईस कंपनीचे मर्लिन इंजिन होते आणि त्याला कार्ब्युरेटर होता. जर्मनांच्या मेसरश्मिट 109 विमानातील डायम्लर-बेन्झ इंजिनात मात्र पेट्रोल पंपाच्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. कार्ब्युरेटर ठेवण्यात ब्रिटिशांचा अडाणीपणा नव्हता. पेट्रोलची वाफ होताना आत जाणारी हवा थंड होते, घट्ट होते आणि इंजिनाची शक्ती वाढते, हा त्यातील लाभ होता. पण त्याची किंमत वैमानिकांना मोजावी लागत होती. पाठलाग चुकविण्यासाठी जर्मन वैमानिक आपल्या विमानाचे नाक एकदम खाली दाबून सूर मारी. त्याच्यामागे ब्रिटिश वैमानिकाने तसाच सूर मारला की मर्लिन इंजिन आचके देई आणि काळा धूर ओकत क्षणभर बंद पडे. तेवढ्यात शत्रू निसटून जाई. किंवा पाठलाग करणाराच शत्रू असेल तर प्राणावर बेतण्याचा प्रसंग येई. म्हणून ब्रिटिश वैमानिक आधी विमान उलटे करून मग खाली झेप घेत. त्यात इंजिन चालू राही, पण मोलाचा वेळ जाई.

हा दोष शोधून काढण्याचे काम फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट ह्या सरकारी संशोधनसंस्थेत बीट्रिस शिलिंग ह्या अभियंत्या बाईंकडे आले. शिलिंगबाईंचा जन्म 1909 चा. चौदाव्या वर्षीच त्यांनी स्वतःची मोटारसायकल घेतली. पुढे मँचेस्टर विद्यापीठात त्यांनी विद्युत्-अभियांत्रिकीचे आणि त्यानंतर यंत्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. 1934 साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मार्गावर आपल्या नॉर्टन मोटारसायकलवरून ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण करून त्यांनी सुवर्णतारा मिळविला. हा मान मिळविणाऱ्या स्त्रिया सर्व मिळून तीनच झाल्या. इंजिनाची घरघर केवळ कागदावर नव्हे, तर स्वतःच्या मनगटांत अनुभवलेली अशी ही बाई होती.

विमानाचे नाक खाली दाबले की इंजिन उपाशी राहते, एवढे वरवर कोणालाही दिसत होते. बस खड्ड्यातून वेगाने गेली की मागच्या बाकावरील उतारू जसा छताकडे फेकला जातो, तसे पेटीतील पेट्रोल वरच्या बाजूस फेकले जाते, तळाचे जेट कोरडे पडतात आणि इंजिन पहिला आचका देते. पण दोष येथेच संपत नव्हता. पेट्रोल वर गेल्यामुळे फ्लोट उलट पेटीच्या तळाशी जाई आणि झडप सताड उघडी पडे. मग पंपाच्या जोराने पेट्रोलचा लोंढा आत शिरे आणि इंजिन बुडून बंद पडे. पहिला आचका क्षणाचा होता. खरा घात करणारा होता तो दुसरा. उपाशी इंजिन काळा धूर सोडत नाही. तो धूर अतिरिक्त पेट्रोलची साक्ष देत होता.

निदान असे नेमके झाल्यावर उपाय सोपा होता. शिलिंगबाईंनी पेट्रोलच्या नळीत बसविण्यासाठी छिद्र असलेला एक लहानसा तुकडा तयार केला. पुढे त्याला साध्या चकतीचे रूप आले. पूर्ण शक्तीने चालणाऱ्या इंजिनाला जेवढे पेट्रोल लागते, जवळजवळ तेवढेच त्या छिद्रातून जाऊ शके. झडप कितीही उघडी राहिली तरी लोंढा येणे आता शक्य नव्हते. विमान सेवेतून बाहेर न काढताही ही चकती बसविता येई. आपल्या छोट्या पथकासह बाईंनी विमानतळ पालथे घातले, आणि मार्च 1941 पर्यंत लढाऊ विमानदलात ती सर्वत्र बसविली गेली. वैमानिकांनी तिला मिस शिलिंग यांचेच नाव देऊन थट्टा केली. पण त्या थट्टेत कृतज्ञताही होती. ह्या चकतीने पहिला आचका मात्र गेला नाही. पूर्ण इलाज 1943 मध्ये दाबाने पेट्रोल पुरविणारा नवा कार्ब्युरेटर आल्यावरच झाला. तथापि तोवरची दोन वर्षे त्या चकतीने निभावून नेली.

फ्लोटवर अवलंबून न राहता दाबाने पेट्रोल फवारण्याची कल्पना पुढे जमिनीवरही आली. 1967 साली बॉश कंपनीची विद्युत्-नियंत्रित पद्धती फोक्सवागेन मोटारीत दिसली. 1980 साली कावासाकीने ती मोटारसायकलवर आणली. आपल्या देशात 2006 साली हिरो होंडाच्या ग्लॅमर गाडीची अशी आवृत्ती निघाली, आणि 1 एप्रिल 2020 पासून धुराचे भारत स्टेज 6 नियम लागू झाल्यावर जवळजवळ सर्व नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर निवृत्त झाला. आता टाकीतला विजेचा पंप अनेक गाड्यांत सुमारे 3 बार दाबाने पेट्रोल ढकलतो, आणि इंजेक्टर ते सेकंदाच्या काही सहस्रांश काळापुरते उघडून फवारतो. किती काळ उघडायचे, हे एक छोटा संगणक ठरवितो.

यंत्र बदलले, पण प्रश्न बदललेला नाही. गाडी पिकअप घेत नाही, मिसिंग मारते, असे झाले की आपण दिव्याकडे पाहतो. दिवा पेटला नसेल तर सारे ठीक आहे असे समजतो, किंवा एकामागून एक महाग भाग बदलीत सुटतो. परंतु बहुतेक दुचाकींत पेट्रोलचा दाब मोजणारे साधनच नसते. मग संगणकाने सांगावे तरी काय? चावी फिरविताच टाकीतून पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुणाट येतो का, हे आधी कानाने ऐकावे. प्लग पांढरट दिसला तर उपासमारीचा आणि काजळीने काळा झाला तर अतिरेकाचा संशय घ्यावा. थांबल्या जागी नीट चालणारी गाडी चढावर दम सोडत असेल, तर तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप पाहावा. काही मैल चालून गाडी बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा चालते, तेव्हा दोष बहुधा झाकणातील हवेच्या बुजलेल्या छिद्राचा असतो. शेवटी माहितगार कारागिराकडून दाब मोजून घ्यावा. आणि केवळ दाबावर न थांबता ठरावीक वेळात किती पेट्रोल येते, हेही मोजावे.

लक्षण एकच असले तरी कारणे परस्परविरुद्ध असू शकतात. म्हणून प्रथम काय घडले आणि त्यानंतर काय घडले, हा क्रम शांतपणे पाहिल्यावाचून हत्यार हाती घेऊ नये. शिलिंगबाईंची चकती आज संग्रहालयापुरती उरली आहे; पण उपासमार कोणती आणि पूर कोणता हे ओळखण्याची त्यांची दृष्टी कोणत्याही काळात जुनी होणारी नाही.