नौकेची गाडी

बुडत्या गलबतांवरील माणसांना तारणाऱ्या जीवरक्षक नौकांचा इतिहास इंग्लंडात विपुल लिहिला गेला आहे. १७९० साली साऊथ शील्ड्स येथे हेन्री ग्रेटहेडने सिद्ध केलेली ‘ओरिजिनल’ नौका आणि १८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या उद्योगाने स्थापन होऊन पुढे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या नावाने विख्यात झालेली संस्था, यांचे गुणगान यथास्थित झाले; परंतु ज्या चाकांच्या गाडीवरून ही नौका वाळू तुडवीत लाटांपर्यंत जाई, त्या गाडीची दखल दफ्तराबाहेर क्वचितच कोणी घेतली. वास्तविक जेथे बंदराचा आसरा नाही आणि ओहोटीने पाणी दूर हटलेले आहे, अशा किनाऱ्यावर खरी कसोटी नौका सुटण्यापूर्वीच लागे. कारण उथळ पाण्यात ती आडवी सापडली, की एखादी लाट तिला वल्हेकऱ्यांसकट वाळूवर फेकून देई.

यावर एकोणिसाव्या शतकात जी तजवीज निघाली, ती मला नौकेच्या घडणीइतकीच बुद्धिमान वाटते. गाडीचे दोन भाग केले, पुढच्या चाकांचा जोड आणि मागचा मुख्य सांगाडा. मधली खीळ उपसताच ते विलग होत. नौका गाडीवर नाळ, म्हणजे पुढचे टोक, मागे करून बसविलेली असे, त्यामुळे गाडी मागल्या अंगाने पाण्यात लोटली की नाळ आपोआप समुद्रासन्मुख होई. खलाशी वल्ही सरसावून आधीच आसनस्थ असत. नौकेला अडकविलेले दोर गाडीच्या मागल्या टोकाच्या कप्प्यांतून वळून किनाऱ्याकडे येत, आणि किनाऱ्यावरील मंडळी ते जमिनीकडे ओढू लागली, की नौका उलट दिशेने, समुद्राकडे धावे. तिच्याच भाराने सांगाडा मागे कलून तिला उतार मिळे. परतीच्या वेळी पुढची चाके काढून सांगाड्याचे लांब टोक वाळूवर टेकवीत आणि त्या सौम्य चढावरून नौका नाळेकडून वर ओढीत. म्हणजे ती गाडीवर चढली तीच पुढच्या प्रसंगासाठी सज्ज होऊन! पुढे वाळूत चाके रुतू नयेत म्हणून त्यांना ‘टिपिंगच्या पट्ट्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुंद पट्ट्या बसविण्यात आल्या.

या गाडीची सर्वांत दुर्घट परीक्षा १२ जानेवारी १८९९ च्या रात्री झाली. ‘फॉरेस्ट हॉल’ हे जहाज पोरलॉकनजीक संकटात सापडले असता लिनमथ येथे वादळामुळे नौका लोटणे अशक्य झाले. तेव्हा तांडेल जॅक क्रोकोम याने ‘लुइसा’ नौका खुष्कीच्या मार्गाने पोरलॉककडे नेण्याचे ठरविले. सुमारे तेरा मैल, काउंटिसबरीचा उभा चढ, शंभरेक माणसे आणि दीडएक डझन घोडे. त्यात एक चाकही निखळले. पुढे गल्ली इतकी अरुंद निघाली, की नौका उतरवून फळ्यांवरून ओढीत न्यावी लागली आणि रिकामी गाडी माळावरून वळसा घालून पुढे धाडावी लागली. पहाटे ‘लुइसा’ पाण्यात शिरली.

पहिल्या महायुद्धानंतर घोडे दुर्मीळ झाले, तेव्हा गाडी ओढण्यासाठी १९२० साली हन्स्टंटन येथे ट्रॅक्टरची चाचणी घेण्यात आली. घोडे पोटापर्यंत पाण्यात निमूट उतरत असत. ट्रॅक्टरच्या इंजिनात मात्र पाणी शिरू नये, याचा बंदोबस्त नव्याने करावा लागला.