पाटणच्या बाजाराने पोसलेलं गणित

दुसऱ्या सेमिस्टरला इंटिग्रेशन सुरू झालं की जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हे आपल्यासाठी नाहीच भो!" आजचा एपिसोड त्याच वाक्यावर.

चला, चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊ. हो, पाटणादेवीचं पाटण. इथे शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७चा शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. त्यात लिहिलंय की चांगदेव नावाच्या ज्योतिषाने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. आजोबा कोण? भास्कराचार्य!

जन्म १११४चा. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. ग्रहाची या क्षणाची गती किती, हा प्रश्न त्यात आहे. त्याला ते 'तात्कालिक गती' म्हणतात. आणि गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ? आवळ्यावर रेघा असतात ना, तशा गोलाच्या उभ्या फाका करायच्या. एका फाकेचे आडवे बारीक पट्टे करायचे, साइनच्या कोष्टकावरून प्रत्येकाचं माप काढायचं आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. उत्तर येतं परीघ गुणिले व्यास. म्हणजे तुमच्या वहीतलं चार पाय आर स्क्वेअर!

आता छाती फुगवू नका हं. हे आजचं कॅल्क्युलस नव्हे. लिमिटची व्याख्या इथे नाही, कुठल्याही फंक्शनला चालेल अशी रीत नाही. ती सर्वसाधारण रीत सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी उभी केली. पण 'बारीक तुकडे करा आणि बेरीज घ्या' ही युक्ती मात्र तीच.

मला सगळ्यात भारी वाटतो तो शिलालेखाचा शेवट. वरचा मजकूर संस्कृतात, पण मठाच्या खर्चाचा भाग जुन्या मराठीत! सोइदेव निकुंभ या इथल्या राजाने मठाला दान दिलं. शिवाय पाटणच्या बाजारातल्या विक्रीवरच्या करातला वाटा मठाला लावून दिला. तेलाच्या घाण्यांनी पळी-पळी तेल द्यायचं, हेही ठरलं.

विचार करा. गणित तेव्हाही अवघडच होतं. घाणा चालवणाऱ्याला साइनचं कोष्टक कळत असेल-नसेल, पण ते शिकवणं चालू राहावं म्हणून त्याच्या घाण्याचं तेल जात होतं.

आज तुमची फीसुद्धा कुणाच्या तरी कापसातून, केळीतून, दुकानाच्या गल्ल्यातूनच येते ना?

मग पुढचं गणित अडलं, तर वही मिटू नका. तुकडे करा. बेरीज घ्या. भेटू पुढच्या भागात!