दशावतारी गंजिफा

लढाया, तहनामे आणि वंशावळी यांची नोंद इतिहासकार काळजीपूर्वक ठेवतात. दुपारची जेवणे उरकल्यावर माजघरात किंवा ओसरीवर माणसे कोणता खेळ खेळत होती, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. वास्तविक समाजाच्या मनाची ठेवण समजून घ्यावयाची, तर त्याचे खेळ हे दफ्तरखान्यातील कागदांइतकेच बोलके असतात. खेळ कुठून आला, तो घेताना लोकांनी त्यात काय बदलले आणि काय तसेच राहू दिले, हे पाहिले म्हणजे एका संस्कृतीने दुसरीचे देणे कसे स्वीकारले, याचा माग लागतो. गंजिफा हा असाच एक खेळ. दशावतारांची कथा एकशेवीस वाटोळ्या पानांवर उतरवून, ती पाने हातांत घेऊन बुद्धीची झुंज खेळण्याची ही रीत एकेकाळी महाराष्ट्रापासून ओरिसा-बंगालपर्यंत प्रचलित होती.

गंजिफा हा शब्द फारसी आहे. ‘गंज’ म्हणजे खजिना, आणि या शब्दाशी खेळाच्या नावाचे नाते जोडले जाते. इराणातील शिराझचा कवी अहली याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंजिफाच्या पानांवर रुबाया रचल्या. हिंदुस्थानातील या खेळाचा जुना व निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हसनला हा खेळ फार आवडे. त्याने गंजिफा मागविल्या, म्हणून आपल्या माणसाबरोबर त्या पाठविल्या, अशी नोंद बाबराने 1527 साली केली आहे. पानिपतची लढाई होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते. नव्या राज्याची घडी बसविण्याच्या धामधुमीतही पत्त्यांची एक जोडी आठवणीने पाठवावी, इतके या खेळाला मोगल दरबारात महत्त्व होते.

अकबराच्या कारकीर्दीत अबुल फजल याने ‘ऐन-इ-अकबरी’त गंजिफाचे सविस्तर वर्णन केले आहे. त्याने वर्णिलेल्या जुन्या खेळात बारा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, अशी एकूण 144 पाने होती. त्या रंगांची नावे मोठी मनोरंजक आहेत. पहिला अश्वपती, म्हणजे ज्याचे बळ घोडदळात आहे असा राजा; त्याचा नमुना दिल्लीचा बादशहा. दुसरा गजपती, ज्याचे सामर्थ्य हत्तींत. त्याचा नमुना ओरिसाचा अधिपती. तिसरा नरपती, ज्याची भिस्त पायदळावर. त्याचा नमुना विजापूरचा सुलतान. पुढे गडपती, धनपती, दलपती, नवपती असे करीत ही मालिका सुरांच्या, असुरांच्या, श्वापदांच्या आणि सर्पांच्या राजांपर्यंत जाते. म्हणजे पत्त्यांची ही जोडी हा त्या काळच्या हिंदुस्थानच्या राजकारणाचा एक छोटासा नकाशाच होता. त्याच्या कडेला पुराणांतील देवदैत्यांनाही जागा मिळालेली होती.

पुढे मोगल अमदानीत जो प्रकार रूढ झाला, तो आठ रंगांचा व 96 पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश ही त्याच्या रंगांची नावे. मुकुट, चांदीचे नाणे, तलवार, सेवक, वाद्य, सोन्याचे नाणे, हुकूमनामा आणि कापडचोपड असा त्यांचा स्थूलमानाने अर्थ आहे. येथे राजकारणाचा नकाशा मागे पडला आणि दरबाराचा कारभार पानांवर आला. खजिना, शस्त्रागार, दफ्तर, कोठी यांनी चालणारे राज्य खेळणाराच्या ओंजळीत मावू लागले. विशेष हे की, चित्रांचा विषय इतका पालटला, तरी खेळाचा सांगाडा तसाच राहिला. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एकापासून दहापर्यंत दहा पाने, ही बाराची रचना ढळली नाही.

याच सांगाड्यावर दशावतारी गंजिफा उभी राहिली. आठांऐवजी दहा रंग झाले, पाने 120 झाली आणि प्रत्येक रंगाचा राजा विष्णूचा एकेक अवतार बनला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की असा हा क्रम. राजाच्या पानावर मखरात विराजमान झालेला अवतार, प्रधानाच्या पानावर त्याचा प्रधान, आणि उरलेल्या दहा पानांवर त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असे. मत्स्याच्या रंगाला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू ही चिन्हे सहज ओळखू येतात. इतर चिन्हांत प्रदेशपरत्वे फरक पडे. वामनाला कुठे कमंडलू तर कुठे छत्री, रामाला कुठे बाण तर कुठे वानर, कल्कीला कुठे तलवार तर कुठे घोडा. पूर्वेकडे बुद्धाच्या जागी पुरीचा जगन्नाथ आला. ज्या प्रांताची जी श्रद्धा, तिला या पानांनी सामावून घेतले.

हा खेळ खेळावयाचा कसा? खेळणारे तिघे, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. भिडू नाही, जोडी नाही. प्रत्येकजण स्वतःसाठी एकटा. दिवसा डाव मांडला, तर ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याची उतारी. रात्री मांडला, तर कृष्णाच्या राजाला तो मान. सूर्यवंशी रामाकडे दिवस आणि मध्यरात्री जन्मलेल्या कृष्णाकडे रात्र, ही वाटणी ऐकताच पटते. मोगली गंजिफात हाच मान दिवसा सोन्याच्या नाण्याला आणि रात्री चांदीच्या नाण्याला होता, म्हणजेच सूर्याला आणि चंद्राला. नियम तोच ठेवून त्याचा अर्थ मात्र आपल्या कथेतून घ्यावयाचा, ही रूपांतराची हातोटी येथे स्पष्ट दिसते.

आज घरोघरी माहीत असलेल्या बावन्न पानी खेळात एखादा रंग हुकूम ठरतो आणि त्याचे हलके पानही दुसऱ्या रंगाच्या राजाला मारते. गंजिफात असा हुकमाचा रंग नाही. तेथे हुकूम या शब्दाचा अर्थच निराळा. एखाद्या रंगातील जी पाने अद्याप खेळली गेलेली नाहीत, त्यांपैकी सर्वांत वरचे पान म्हणजे त्या रंगाचा हुकूम. राजा पडला की प्रधान हुकूम होतो. प्रधान पडला की त्याच्या खालचे पान. असे दहा रंगांत दहा हुकूम एकाच वेळी असतात, आणि प्रत्येक हाताबरोबर त्यांतला एखादा बदलत जातो. आपल्या हातातील परशुरामाचे एखादे मधले पान आता हुकूम झाले आहे की नाही, हे ज्याला ठाऊक, तो जिंकतो. ज्याला विसर पडला, तो आपल्याच हातातला विजय गमावून बसतो.

यात आणखी एक मेख आहे. दहापैकी निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, मग नश्शी, अठ्ठी असे उतरत एक्का सर्वांत हलका. उरलेल्या निम्म्या रंगांत हा क्रम नेमका उलटा. तेथे प्रधानाखाली एक्का, मग दुर्री, तिर्री असे करीत दश्शी तळाला जाते. मोगली गंजिफातही चार रंग सरळ व चार उलटे होते. म्हणजे खेळणाऱ्याने 120 पानांपैकी किती पडली, कोणती पडली, एवढेच लक्षात ठेवून भागत नाही. कोणत्या रंगात मोठे कोण आणि धाकटे कोण, हेही क्षणोक्षणी जागेपणी ध्यानात धरावे लागते. स्वतःची चाळीस पाने समोर आहेत, उरलेली ऐंशी दोघा प्रतिस्पर्ध्यांत विभागलेली आहेत, आणि त्यांनी काय टाकले यावरून त्यांच्याजवळ काय उरले याचा अंदाज बांधावयाचा आहे. या खेळात दैवाचा भाग वाटणीबरोबर बराचसा संपतो. पुढचे सारे स्मरणशक्तीचे आणि हिशेबाचे काम असते.

महाराष्ट्रात या कलेचे माहेरघर म्हणजे सावंतवाडी. तेथील परंपरा असे सांगते की, तिसरे खेम सावंत भोसले यांच्या कारकीर्दीत, म्हणजे 1755 ते 1803 या काळात, तेलंगणातून आलेल्या विद्वानांकडून दरबाराला या खेळाचा परिचय झाला आणि राजांनी तेथील चिताऱ्यांकडून तशी पाने करवून घेतली. लाखकामात वाकबगार असलेल्या या चिताऱ्यांनी ही विद्या सहज आत्मसात केली. पाने वाटोळी कापावयाची, चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी यांचे लेप देऊन ती गुळगुळीत करावयाची, त्यांवर बारीक कुंचल्याने अवतार रेखाटावयाचे आणि शेवटी लाखेचा हात देऊन ती टिकाऊ करावयाची, अशी ही कृती होती. उंची कामाला दरबारी कलम आणि साध्या कामाला बाजारी कलम अशी नावे होती. दरबारी कलमाबरोबर बाजारी कलमही होते, यावरूनच हा खेळ राजवाड्याच्या उंबरठ्याबाहेर पडून सामान्यांच्या घरांत पोहोचला होता, हे उघड होते. ज्या मुलुखात दशावतारी नाटके रात्र रात्र रंगत, तेथे याच अवतारांचा डाव माणसांना आपलासा वाटावा, यात नवल नाही.

इतर प्रांतांनीही गंजिफाला आपापले वळण दिले. म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वोडेयर, ज्यांचा काळ 1794 ते 1868, यांना अशा खेळांचा विलक्षण नाद होता; त्यांनी अठरा रंगांपर्यंतचे नवे प्रकार स्वतः रचले. बंगालमधील विष्णुपूर येथे मल्ल राजांच्या आश्रयाने दशावतारी पत्ते तयार झाले. ओरिसात तर रामायणाचीच गंजिफा झाली. तिच्यात निम्मे रंग रामाच्या पक्षाचे आणि निम्मे रावणाच्या पक्षाचे. महाकाव्यातील युद्ध तिथे प्रत्येक बैठकीत नव्याने लढले जाई, आणि त्याचा निकाल कवीने नव्हे, तर खेळणाराच्या बुद्धीने ठरे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेले छापील पत्ते बाजारात पसरले. ते स्वस्त होते, खिशात मावत होते, आणि 120 ऐवजी बावन्न पाने ध्यानात ठेवणे सोपे होते. हाताने रंगविलेली वाटोळी पाने या स्पर्धेत टिकणे कठीणच होते. 1948 मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारही गेला, आश्रयही गेला. गंजिफा करू जाणारे चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. अशा वेळी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या शिकून घेण्याची व्यवस्था केली. सत्वशीलादेवी स्वतः शिकल्या, तरुण कारागिरांना शिकविले आणि राजवाड्यातच हे काम पुन्हा सुरू केले. 2018 साली त्यांचे निधन झाले. पण त्यांनी लावलेले रोप जगले. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभर हिंडून या पत्त्यांचा अभ्यास केला आणि 1982 साली लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचा गंजिफावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुन्या गंजिफा पाहावयास मिळतात.

अशा रीतीने चित्र वाचले. खेळाचे काय झाले, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. आज गंजिफा विकत घेणारे बहुतेक लोक ती चौकटीत बसवून भिंतीवर टांगतात किंवा कुणाला भेट म्हणून देतात. कारागिराच्या चुलीला त्यामुळे आधार मिळतो, आणि ही गोष्ट लहान नाही. परंतु भिंतीवरच्या मत्स्याला कुणी मारीत नाही आणि परशुरामाचे मधले पान कधी हुकूम होत नाही. वाद्य काचेच्या कपाटात ठेवले म्हणजे राग जिवंत राहत नाही, तसेच हे आहे. कारागिराचे कसब त्याच्या हातात होते, म्हणून ते एका वृद्धाकडून दुसऱ्या पिढीला घेता आले. खेळणाराचे कसब त्याच्या स्मरणात होते. ते डाव मांडल्यावाचून कुणाकडून कुणाला देता येत नाही.

आणि हा तोटा केवळ करमणुकीचा नाही. परक्या भाषेतले नाव, परक्या दरबारातील नियम आणि आपल्या पुराणांतील कथा यांची सांगड घालणारी ही रचना कुणा एका पंडिताने ठरवून केलेली नव्हती. ती चिताऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांनी मिळून, पिढ्यानपिढ्यांच्या सरावातून घडविली. बाबराने सिंधला धाडलेल्या जोडीशी सावंतवाडीच्या रामराजाचे नाते काय, हे पुस्तकातून कळते खरे. पण दिवसाउजेडी तिघांनी बसून चाळीस-चाळीस पाने वाटली आणि रामाच्या राजाने उतारी केली, म्हणजे ते हातालाच कळते. या खेळाला राजवाडा लागत नाही, पैजही लागत नाही. पत्त्यांची एक जोडी, तीन माणसे आणि दुपारचा निवांत वेळ एवढ्यावर तो पुन्हा उभा राहू शकतो. ज्या घरांत ही जोडी आज भिंतीवर आहे, तेथे ती अधूनमधून खाली उतरली, तर सावंतवाडीच्या चिताऱ्यांचे श्रम खऱ्या अर्थाने कारणी लागतील.