लोखंडी नांगर आणि घरचा हिशेब

'उद्याचे तंत्रज्ञान' म्हटले की वर्गातली मुले यंत्रमानव आणि अंतराळयानाची नावे घेतात. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडील शेतकऱ्यासमोर उद्याचे तंत्रज्ञान आले ते लोखंडी नांगराच्या रूपाने. त्याने ते चटकन स्वीकारले नाही. का, हे आपण पाहू.

मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेतली शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला आले. तिथे भावासह त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार केले. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज होता.

याला अडाणीपणा म्हणून आपण मोकळे होतो. पण शेतकऱ्याच्या घरचा हिशेब मांडून पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि मोडला तर दुरुस्तही करी. त्याचे बलुते सुगीला धान्यात मिळे. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा, झिजलेला फाळ विकत आणायला हवा, खोल नांगरटीला जादा बैल हवेत. एका पावसाळ्यावर ज्या घराची वर्षाची भाकरी अवलंबून, त्याने प्रयोग फसल्यावर खायचे काय?

हिशेबाची दुसरी बाजूही होती. लाकडी नांगर माती फक्त फोडतो. लोखंडी नांगराचे वळणदार पाते ती उचलून पालथी घालते. त्यामुळे हरळी-कुंद्याच्या खोल मुळ्या वर येतात आणि उन्हाने वाळतात. शेजारच्या रानात हे दिसले की भाषणाची गरज उरत नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ लक्ष्मणरावांना दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. तो जिल्हा साताऱ्यातून वेगळा झाला १९४९ साली, 'दक्षिण सातारा' या नावाने. साताऱ्यातच कराडजवळ १९१६ साली ओगले बंधूंनी काचकारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. वारा अडवणाऱ्या त्याच्या काचेमुळे ज्योत स्थिर राहते आणि उघड्या चिमणीपेक्षा धूर कमी होतो. रॉकेलचा खर्च सारून घराला रात्रीचे दोन तास मिळाले: अभ्यासाला, शिवणाला.

किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याच्या बातम्या देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली त्याला 'स्त्री' हे भावंड मिळाले. नांगर बनवणाऱ्यांनी मासिके का काढावीत? आम्हाला वाटते, नवे यंत्र ज्या घरात जायचे, त्या घरात वाचणारी आणि प्रश्न विचारणारी माणसे लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

वर्गात एक करून पाहता येईल. प्रत्येक मुलाने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे: आपल्या घरात पहिला पंप, पहिले शिलाई यंत्र किंवा पहिला मोबाइल कधी आला? पैसे कुठून उभे केले? नको कोण म्हणत होते, आणि का? उत्तरे फळ्यावर मांडा. 'नको' म्हणणाऱ्यांचीही कारणे लिहायला विसरू नका. बहुधा हिशेब त्यांनीच नीट केलेला असतो.