शस्त्रक्रियेनंतरचे चित्र

सायनसची शस्त्रक्रिया होऊन गेलेला हिंजवडीतील एखादा संगणकतज्ज्ञ एमआरआयच्या बोगद्यात निजतो, तेव्हा कापण्याचे काम कितपत साधले हे चित्राच्या साक्षीने ठरविण्याची जी रीत तो पाळीत असतो, ती याच पुणे प्रांतात सव्वादोनशे वर्षांपूर्वी, निराळ्या साधनांनी का होईना, एकदा पाळली गेली होती, हे त्याच्या गावीही नसते.

टिपू सुलतानाशी १७९२ साली संपलेल्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा घडविणाऱ्या जातीतील एका शस्त्रवैद्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ आखली, तेवढी त्वचा सोडवून, भुवयांमधला दुवा मात्र अबाधित राखून, खाली वळविली आणि कात लावलेल्या कापडी पट्ट्यांनी नव्या जागी चिकटविली. चार दिवसांनी तुपात बुडविलेले फडके आले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास दुवा छेदला.

जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. त्यावरून कोरलेला ठसा व हकीकत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती वाचून शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये हीच क्रिया केली. बैल हाकणाऱ्याचे, चित्रकाराचे, कार्प्यूचे, सर्वांचे नाव टिकले. ज्याच्या हाताने नाक घडले त्याचे मात्र कोणी टिपले नाही, आणि हा इंग्रज लेखकांचा जितका दोष, तितकाच आपल्या दप्तरखान्यांचाही.

बाहेरच्या नाकाला चित्रकार पुरला. सायनस पडले कवटीच्या आत. १८९५ मध्ये राँटगेन यांच्या किरणांनी हाडांच्या सावल्या दाखविल्या, पण मऊ ऊतींचा भेद पाहण्यासाठी एमआरआयला जन्म देणाऱ्या, पॉल लॉटरबर यांच्या १९७३ च्या शोधाची वाट पाहावी लागली. त्या शोधाची निकड पुण्याच्या भागाला २०२१ साली कळली. आदल्या वर्षी मे महिन्यात विप्रोने शासनाशी करार करून हिंजवडीतील आपले आवार ४५० खाटांच्या कोविड रुग्णालयासाठी दिले होते. पाठोपाठ, मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या आडोशाने, कोविडमधून उठलेल्यांच्या सायनसमध्ये म्युकरमायकोसिस हा बुरशीचा रोग शिरला. मेलेली ऊती खरवडून काढायची, आणि बुरशी डोळ्याच्या खोबणीकडे वा मेंदूकडे सरकली का, हे एमआरआयने पुनःपुन्हा पाहायचे, असा तो क्रम होता.

हे चित्र वाचणे सोपे नाही. साचलेला पातळ स्राव टी-टू या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत उजळ दिसतो. उलट घट्ट बुरशी कधी इतकी काळी दिसते की तेथे नुसती हवाच आहे असे वाटावे. मृत ऊती शिरेतून दिलेले गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट-द्रव्य घेत नाही, भरत आलेली जखम घेते, पण उरलेला रोगही घेतो. हाडाची बारीक कड पाहायची तर सीटी स्कॅनच लागते. म्हणून एकट्या नव्या चित्रावरून निवाडा देण्यापेक्षा ते आधीच्या चित्राशेजारी ठेवून पाहणे श्रेयस्कर. आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी जुन्या फिल्म रद्दीत न घालता जमिनीच्या कागदांइतक्याच जपून ठेवाव्यात.